अस्सलबरहुकूम नक्कल: बंदुकीच्या प्रतिकृतींमागचा इतिहास

ग्वाल्हेरात बंदुकीचं कुणाला अप्रूप नाही. बँकेच्या दारात, पेट्रोलपंपावर, गावाकडच्या शेताच्या बांधावर लायसन्सची दुनळी खांद्याला दिसते. निवडणूक जाहीर झाली की त्याच बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. अशा ठिकाणी कुणी हुबेहूब दिसणाऱ्या, पण गोळी न झाडणाऱ्या बंदुकांचा संग्रह करायचा म्हणाला, तर समोरचा लगेच विचारतो, ‘खरी मिळत असताना खोटी कशाला?’ मला हा प्रश्न इतक्यांदा ऐकावा लागला आहे की त्याचं उत्तर एकदा नीट मांडायचं ठरवलं.

सुरुवात ‘खोटी’ या शब्दापासूनच करतो. आपल्या जुन्या दफ्तरांतल्या कागदांवर ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असा शेरा असतो. ती नक्कल म्हणजे मुळाशी ताडून, अक्षर न् अक्षर जुळवून उतरवलेला कागद, आणि तिला मान असे. चांगल्या प्रतिकृतीकडे मी त्याच नजरेने पाहतो. आणि बंदुकीची नक्कल करण्याचं काम या मुलखात हौसेखातर नाही, गरजेपोटी सुरू झालं.

१७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी डी बॉइन या सॅव्हॉयच्या (आता फ्रान्समध्ये असलेल्या प्रांताच्या) लष्करी अधिकाऱ्याला चाकरीत घेतलं आणि कवायती पलटणी उभ्या राहू लागल्या. तोवर आपल्याकडची मुख्य बंदूक म्हणजे तोडेदार. तिचा तोडा सतत जळता ठेवायचा, घोडा ओढला की तो दारूच्या कानाला भिडायचा आणि बार उडायचा. एकट्या नेमबाजाच्या हातात ती उत्तम. लांब नळीच्या तोडेदार बंदुका आपले कारागीर एकोणिसाव्या शतकातही घडवत होते. पण खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या पलटणीत प्रत्येकाजवळ जळता तोडा आणि उघडी दारू असणं म्हणजे जिवाशी खेळ. कवायतीला हवी होती पथरकला, म्हणजे गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडणारी चापाची बंदूक. ती विलायतेतून विकत घ्यायची तर इंग्रजांच्या मर्जीवर राहणं आलं.

म्हणून आग्र्याला कारखाना निघाला. सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस तो पाहत असे; तो आधी ग्वाल्हेरच्या शेजारच्या गोहदच्या राण्याकडे होता. तिथे तोफा ओतल्या जात आणि विलायती नमुन्यावरून बंदुका तयार होत. एक बंदूक दहा रुपयांत पडे, अशी नोंद आहे. मला ही नोंद फार मोलाची वाटते. समोरचं हत्यार उलगडायचं, चापाची कमान (स्प्रिंग) कशी बसते ते पाहायचं, नळीचं माप घ्यायचं आणि आपल्या लोहारासुताराकडून तसंच घडवून घ्यायचं: आजचा चांगला प्रतिकृतीकारही याच वाटेने जातो. त्या बंदुकांच्या जोरावर १७९० मध्ये राजपुतान्यातल्या पाटण आणि मेडत्याच्या लढाया जिंकल्या गेल्या. आमच्या शहरातल्या लष्कर आणि कंपू या वस्त्यांची नावं आजही त्या फौजेची आठवण ठेवून आहेत.

पुढे सगळं हातचं गेलं. ऑक्टोबर १८०३ मध्ये आग्रा इंग्रजांकडे गेलं, १ नोव्हेंबरला अलवरजवळच्या लासवारीला उरलेल्या पलटणी संपल्या. २९ डिसेंबर १८४३ रोजी ग्वाल्हेरजवळच्या महाराजपूर आणि पनिहार इथे इंग्रज आणि शिंद्यांच्या फौजेत एकाच दिवशी दोन लढाया झाल्या. त्यात जिंकलेल्या तोफांचा धातू वितळवून इंग्रजांनी आपल्या सैनिकांसाठी सहा टोकांच्या ताऱ्याची पदकं पाडली. १८४४ च्या तहाने दरबाराकडे ३२ तोफा उरल्या. तिकडे ब्रिटिश मुलखात १८७८ चा शस्त्र कायदा आला. तो संस्थानांना थेट लागू नव्हता, पण हत्यार ही परवान्याची वस्तू झाली ती तेव्हापासून. बंदूक घडवणारा कारागीर हळूहळू दुरुस्तीवाला झाला. जी हत्यारं उरली ती वाड्यांच्या भिंतींवर गेली, खंडेनवमीला उतरवून पुजली जाऊ लागली.

संग्रहाची वस्तू म्हणून ‘मॉडेल गन’ जन्मली ती जपानात, आणि तिथेही कारण निःशस्त्रीकरणच. दुसऱ्या महायुद्धानंतर सामान्य जपानी माणसाच्या हाती बंदूक सहजासहजी राहिली नाही; १९५८ च्या बंदूक-तलवार कायद्याने तर पिस्तूल बाळगणं जवळजवळ अशक्य झालं. १९६० च्या दशकात एमजीसीसारख्या कंपन्यांनी जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या प्रतिकृती बाजारात आणल्या. त्या नुसत्या दिसायला सारख्या नव्हत्या. खटका मागे ओढला की आतली कमान तशीच दबायची, नकली काडतूस तसंच बाहेर पडायचं, सुटे भाग काढून पुन्हा जोडता यायचे. ज्या देशात सामान्य माणसाला खरं पिस्तूल हातात घेता येत नव्हतं, तिथे लोकांनी त्याची रचना तोंडपाठ केली.

मग सरकारला धास्ती वाटू लागली. १९७१ च्या दुरुस्तीने धातूच्या नकली पिस्तुलांना पांढरा किंवा पिवळा रंग देणं आणि नळी बुजवणं सक्तीचं झालं. १९७७ मध्ये रचनेवरही बंधनं आली. काळ्या पोलादाचा भास हाच जिचा प्राण, ती वस्तू पिवळी झाल्यावर संग्राहकांना काय वाटलं असेल ते मी समजू शकतो. कारागीर प्लास्टिककडे वळले, आणि वजन जुळावं म्हणून पुढे त्यात धातूची भुकटी मिसळू लागले. युरोपात स्पेनच्या मिनोर्का बेटावरच्या डेनिक्स कंपनीने वेगळी वाट धरली: जस्ताच्या मिश्रधातूतल्या, मुळातच गोळी न झाडणाऱ्या ऐतिहासिक प्रतिकृती. भिंतीवर लावायच्या संग्रहात आज त्याच जास्त दिसतात.

इतर देशांनी कायद्याने रेघ ओढली ती काळावर. अमेरिकेने १९८८ च्या कायद्याने खेळण्यातल्या बंदुकीच्या टोकाला नारिंगी खूण सक्तीची केली, पण १८९८ पूर्वीच्या नमुन्यांच्या, न झाडणाऱ्या संग्राह्य प्रतिकृतींना सूट दिली. ब्रिटनने २००६ च्या कायद्याने हुबेहूब नकली बंदुकांच्या विक्रीवर बंदी आणली. तिथली रेघ १८७० ची; त्याआधीच्या नमुन्यांच्या प्रतिकृती त्यातून सुटतात. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या सहाव्या कलमात ‘नकली बंदूक’ म्हणजे बंदुकीसारखी दिसणारी कोणतीही वस्तू, तिच्यातून काही सुटो वा न सुटो. परवान्याशिवाय तिची खरी बंदूक करणं गुन्हा आहे. शंभर वर्षांहून जुनं अस्सल हत्यार हाती आलं तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो, तो वेगळा विषय.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी आधुनिक पिस्तुलांच्या वाटेला जाऊ नको म्हणतो. या शहरात खांद्यावरची बंदूक नकली असेल अशी शंका कुणाला येत नाही, आणि ती शंका न येणंच धोक्याचं आहे. हुबेहूब पिस्तूल गाडीत राहिलं, वरातीत दाखवलं, तर समोरच्याच्या हातातली मात्र खरी असू शकते. संग्रह घराबाहेर नेऊच नये, न्यायचाच असेल तर बंद पेटीत, पावतीसकट. तीन वस्तू पुरेशा आहेत: एक तोडेदार, एक पथरकला, एक टोपीची ठासणी, म्हणजे घोडा स्फोटक भरलेल्या छोट्या टोपीवर आपटून बार उडवणारी बंदूक. ओळीने लावल्या की तीनशे वर्षांत आग दारूपर्यंत कशी पोचत गेली ते एका भिंतीवर दिसतं.

युरोपी आणि अमेरिकी नमुन्यांच्या प्रतिकृती तयार मिळतात. शिंद्यांच्या पलटणीतल्या शिपायाची पथरकला मात्र मला अजून कुठे विकायला दिसलेली नाही. ती हवी असेल तर वस्तुसंग्रहालयात परवानगी काढून मापं घ्यावी लागतील, दस्ता शिसवीचा करून घ्यावा लागेल आणि चापासाठी असा लोहार गाठावा लागेल ज्याला कमानीचा ताण हातानं कळतो. मापांची वही मी आणून ठेवली आहे.