परदेशात आजारी पडलात आणि क्लेम नाकारला? विमा लोकपालांकडे तक्रार अशी करा

नकाराचं पत्र आलं की सगळ्यात आधी त्यात पॉलिसीच्या कोणत्या कलमाचा आधार दिलाय ते शोधा. ‘अटींनुसार क्लेम देय नाही’ एवढंच मोघम लिहिलं असेल, तर तिथेच कंपनीला पकडता येतं. विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या आरोग्य विम्याच्या परिपत्रकानुसार क्लेम नाकारताना नेमकी अट दाखवावी लागते, शिवाय कंपनीच्या अंतर्गत समितीची मंजुरीही लागते. दोन्ही लेखी मागा. पुढचा सगळा वाद त्या एका कलमाभोवती फिरतो. परक्या देशात किती हाल झाले, याची चार पानं लिहून काही हलत नाही.

बहुतेक वेळा कारण एकच असतं: आजार आधीपासून होता आणि तुम्ही तो लपवला. मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांना शुगर किंवा बीपी असतंच, त्यामुळे हे कारण कंपनीला सोयीचं पडतं. सर्वोच्च न्यायालयाचा ६ डिसेंबर २०२१ चा निकाल इथे कामी येतो. ओव्हरसीज मेडिक्लेम घेतलेल्या प्रवाशाला सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर उतरल्यावर त्रास झाला, पुढे अँजिओप्लास्टी करावी लागली. मधुमेह त्याने आधीच कळवला होता. कंपनीने मात्र कोलेस्टेरॉल आणि त्यावरची गोळी कळवली नाही, यावर बोट ठेवलं. न्या. चंद्रचूड आणि न्या. नागरत्ना यांच्या पीठाने तो नकार बेकायदेशीर ठरवला. परदेशात अचानक उद्भवणाऱ्या आजारासाठीच माणूस अशी पॉलिसी घेतो, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. पण फॉर्मवर मधुमेहासमोर ‘नाही’ लिहिलं असेल, तर या निकालाच्या भरवशावर राहू नका. प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची, प्रत कंपनीकडून मागवा. तो बऱ्याचदा एजंटनेच भरलेला असतो आणि आपण पाहिलेलाही नसतो.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे ‘उशिरा कळवलं’. आयसीयूतला माणूस टोल-फ्री नंबर कसा लावणार? उशीर अटळ असेल तर केवळ त्या कारणावरून खरा क्लेम नाकारू नये, असं नियामकाने सप्टेंबर २०११ मध्येच कंपन्यांना बजावलंय. त्या परिपत्रकाचा उल्लेख अर्जात जरूर करा.

पहिली पायरी कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी. ईमेल करा आणि पोच जपून ठेवा. त्याने १४ दिवसांत उत्तर देणं अपेक्षित आहे. सोबत नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवता येते; मात्र तिथून ती कंपनीकडेच जाते, निवाडा होत नाही.

निवाडा करतात विमा लोकपाल. कंपनीने लेखी तक्रार फेटाळली, महिनाभर उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत त्यांच्याकडे जाता येतं. मागणी ५० लाख रुपयांपर्यंत हवी. फी नाही. विमाधारकाने स्वतः किंवा वारस, नॉमिनीने अर्ज करायचा; वकील चालत नाही. टूर कंपनीने काढलेल्या ग्रुप पॉलिसीतले प्रवासीही पात्र आहेत. हाच वाद कोर्टात किंवा ग्राहक आयोगात चालू असेल, तर मात्र लोकपाल तो घेत नाहीत. आणि मुलाने अमेरिकेतूनच तिथल्या कंपनीचा व्हिजिटर इन्शुरन्स काढला असेल, तर ही वाट तुमची नाही. ती तक्रार तिथल्या राज्याच्या विमा विभागाकडे जाते.

महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्याला कार्यालयं आहेत, गोवा पुण्याकडे येतो. तुमचा पत्ता किंवा कंपनीची शाखा ज्या हद्दीत, तिथे अर्ज करायचा. ऑनलाइनही चालतो.

कागदपत्रांत नकाराचं पत्र, अटींसकट पूर्ण पॉलिसी (नुसतं सर्टिफिकेट नव्हे), कंपनीला केलेली तक्रार आणि तिचं उत्तर, पासपोर्टवरचे शिक्के किंवा बोर्डिंग पास, डिस्चार्ज समरी, बाबवार बिलं आणि पैसे भरल्याच्या पावत्या लागतात. कागद थाई किंवा जपानी भाषेत असतील तर इंग्रजी भाषांतर जोडा. पण खरं वजन असतं दोन पत्रांना. तिथल्या डॉक्टरांनी लक्षणं कधी सुरू झाली आणि उपचार तातडीचे का होते ते लिहून द्यावं. इथल्या फॅमिली डॉक्टरांनी निघताना तब्येत स्थिर होती का, कोणत्या गोळ्या चालू होत्या ते लिहावं. तारखा मात्र एकमेकींशी जुळायला हव्यात, नाहीतर सुनावणीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

लोकपाल आधी समेट घडवून पाहतात. तो झाला नाही, तर सगळी कागदपत्रं पोचल्यापासून तीन महिन्यांत निवाडा देतात. तो कंपनीवर बंधनकारक असतो आणि ३० दिवसांत पाळावा लागतो. त्यानंतर कंपनीला दिवसाला ५,००० रुपये दंड, तोही तक्रारदाराला द्यायचा. तुमच्यावर मात्र निवाडा बंधनकारक नाही. ग्राहक आयोगाचा रस्ता खुला राहतो. तिथे कोणत्या पातळीच्या आयोगात जायचं ते भरलेल्या हप्त्यावर ठरतं, त्यामुळे बिल एक कोटीचं असलं तरी प्रकरण जिल्हा आयोगातच बसतं, आणि हप्ता पाच लाखांच्या आत असल्याने फीही नाही. तिथे जायची दोन वर्षांची मुदत पहिल्या नकारापासूनच मोजून ठेवलेली बरी.

हे चालू असताना परदेशी रुग्णालयाचं बिल थकलेलं असेल, तर तिथल्या बिलिंग विभागाला क्लेम वादात असल्याचं लेखी कळवा आणि वसुली थांबवायला सांगा. अमेरिकेतल्या ना-नफा रुग्णालयांना आर्थिक मदतीचं धोरण ठेवावंच लागतं. त्याचा फॉर्म मागून घ्या.