डीआरएस (मोटर शर्यत)

डीआरएस म्हणजे ड्रॅग रिडक्शन सिस्टीम. फॉर्म्युला वनच्या गाड्यांवर 2011 ते 2025 या पंधरा हंगामांत असलेली ही मागच्या विंगचा फ्लॅप उघडण्याची यंत्रणा, आणि ती कोणी, कुठे, केव्हा वापरायची हे ठरवणारा नियम. क्रिकेटमधल्या पंचांच्या डीआरएसशी तिचा काही संबंध नाही. मात्र आपल्याकडच्या प्रेक्षकाला आधी तोच आठवतो, म्हणून इथेच सांगून टाकलेले बरे. यंत्रणा साधी होती. भांडण झाले ते नियमावरून, आणि ते पंधराही वर्षे चालू राहिले.

फॉर्म्युला वनच्या गाडीची मागची विंग हवेच्या जोरावर गाडीला रस्त्यावर दाबून धरते. या दाबाला डाऊनफोर्स म्हणतात. वळणात तो हवाच असतो. सरळ पट्ट्यावर मात्र तीच विंग हवेला अडते आणि वेग खाते. ड्रायव्हरने स्टिअरिंगवरचे बटण दाबले की विंगच्या मधोमध बसवलेल्या हायड्रॉलिक यंत्रणेने वरचा फ्लॅप आडवा होई, खालच्या पात्यात आणि त्याच्यात फट पडे, हवेचा अडथळा कमी होई आणि गाडी साधारण ताशी 10 ते 12 किमी जास्त वेगाने पळे. ब्रेकवर पाय पडताच फ्लॅप मिटे. इटलीतल्या मोंझासारख्या वेगवान ट्रॅकवर मुळातच लहान विंग लावतात, त्यामुळे तिथे फायदा कमी मिळे.

ही तजवीज करावी लागली ती डर्टी एअरमुळे. पुढच्या गाडीने घुसळून टाकलेली हवा मागच्या गाडीच्या विंगवर नीट बसत नाही. वळणात मागच्याची पकड सुटते, टायर तापतात, अंतर वाढते आणि पुढच्या सरळ पट्ट्यावर ओव्हरटेक करण्याइतका तो जवळच उरत नाही. 2010 च्या हंगामातल्या शेवटच्या, अबू धाबीच्या शर्यतीत फर्नांडो अलोन्सो सुमारे 40 लॅप विटाली पेत्रोवच्या रेनॉच्या मागे अडकून पडला. चौथा आला असता तरी तो विश्वविजेता होता. आला सातवा, आणि सेबास्टियन वेटेलने 4 गुणांनी विजेतेपद जिंकले. डीआरएस या शर्यतीमुळे आला असे चाहते हमखास सांगतात. पण त्याला जागतिक मोटर स्पोर्ट परिषदेने त्याच वर्षी जूनमध्ये मंजुरी दिली होती आणि अबू धाबीची शर्यत झाली नोव्हेंबरमध्ये. पेत्रोवच्या नावावर जमा झालेले हे श्रेय त्याचे नाही.

हलणाऱ्या विंगची कल्पना त्याहून कितीतरी जुनी आहे. अमेरिकेत जिम हॉलच्या 1966 च्या शॅपरॅल 2ई या गाडीची उंच विंग ड्रायव्हर डाव्या पायाच्या पेडलने आडवी करी. पुढे 1969 मध्ये बार्सिलोनाच्या मोंजुइक ट्रॅकवर ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही लोटस गाड्यांच्या उंच विंग एकाच शर्यतीत मोडून मोठे अपघात झाले. त्यानंतर उंच विंग आणि हवेच्या मार्गातले हलते भाग या दोन्हींवर बंदी आली. मधल्या काळात पळवाटा निघतच राहिल्या. त्यातली सर्वांत मजेशीर 2010 मधली मॅक्लारेनची एफ-डक्ट. नियमाने गाडीचा भाग हलवता येत नव्हता, ड्रायव्हरचा अवयव हलायला मात्र हरकत नव्हती. म्हणून ड्रायव्हर गुडघ्याने कॉकपिटमधले एक भोक बुजवी, आतली हवा वळून मागच्या विंगवर जाई आणि विंगचा अडथळा कमी होई. इतर संघांनीही नक्कल केली आणि काही ड्रायव्हर ताशी 300 किमीच्या वेगात एक हात त्या भोकावर ठेवून गाडी हाकू लागले. 2011 साठी एफ-डक्टवर बंदी आली आणि डीआरएसला परवानगी मिळाली.

नियम असा होता. ट्रॅकवर एक डिटेक्शन लाइन असे. ती ओलांडताना पुढच्या गाडीपासूनचे अंतर एक सेकंदाच्या आत असेल, तरच पुढच्या ठरलेल्या पट्ट्यात मागच्याला फ्लॅप उघडता येई. पुढच्याला ती सोय नाही. शर्यतीच्या पहिल्या दोन लॅपमध्ये (2024 पासून पहिल्या एकाच) डीआरएस बंद असे. पाऊस आला की रेस डायरेक्टर तो बंद करी. सराव आणि पात्रता फेरीत सुरुवातीला तो कुठेही वापरता येई, 2013 पासून तिथेही ठरलेल्या पट्ट्यांपुरताच उरला. 2011 मध्ये मोनॅकोच्या बोगद्यात मात्र पहिल्यापासून मनाई होती.

चाहत्यांचा मुख्य आक्षेप समान संधीचा. एकाच शर्यतीत, एकाच क्षणी, एकाला जे साधन मिळते ते दुसऱ्याला नाही. बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकच्या केमेल या लांब सरळ पट्ट्यावर कित्येक वेळा ब्रेक लावायची जागा येण्याआधीच ओव्हरटेक उरकलेला असे. एक्स्प्रेसवेवर ट्रकला मागे टाकावे तसा. अमेरिकेतल्या इंडीकारमध्ये पुश-टू-पासचे ठराविक सेकंद सगळ्यांना मिळतात, ते हल्ल्याला वापरा की बचावाला, हे ड्रायव्हरने ठरवायचे. ती पद्धत अधिक न्याय्य आहे यात वाद नाही. पण डीआरएसने शर्यत सोपी करून टाकली, हा त्यापुढचा निष्कर्ष घाईचा आहे. त्याने अवघडपणाची जागा बदलली: खरी झुंज सरळ पट्ट्यावरून उठून डिटेक्शन लाइनपाशी गेली.

2021 ची जेद्दाची शर्यत याचा टोकाचा नमुना. मॅक्स व्हेरस्टॅपेनला ट्रॅकबाहेर जाऊन राखलेली जागा परत द्यायची होती म्हणून त्याने वेग कमी केला. मागून आलेल्या लुईस हॅमिल्टनलाही पुढे जायचे नव्हते, कारण लाइन समोरच होती आणि ती आधी ओलांडणाऱ्याच्या मागे दुसरा फ्लॅप उघडून येणार होता. दोघेही एकमेकांना ‘तू आधी’ करीत राहिले, व्हेरस्टॅपेनने एकदम ब्रेक मारला आणि हॅमिल्टन त्याच्यावर आदळला. व्हेरस्टॅपेनला 10 सेकंदांची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी बहरीनमध्ये शार्ल लेक्लेर्कने हाच हिशोब डोके शांत ठेवून केला: पहिल्या वळणात व्हेरस्टॅपेनला जाऊ द्यायचे, आणि पुढच्या पट्ट्यावर त्याच्याच मागून फ्लॅप उघडून चौथ्या वळणाला जागा परत घ्यायची.

त्याहून उलटा प्रकार सिंगापूरला 2023 मध्ये झाला. कार्लोस साइन्झ आघाडीवर, मागे लँडो नॉरिस. त्यांच्यामागे मर्सिडीजचे जॉर्ज रसेल आणि हॅमिल्टन व्हर्च्युअल सेफ्टी कारच्या वेळी (म्हणजे धोक्यामुळे सगळ्यांना वेग कमी ठेवावा लागतो तेव्हा) ताजे टायर घेऊन झपाट्याने येत होते. साइन्झने पळून जाण्याऐवजी मुद्दाम वेग राखून नॉरिसला आपल्या मागे एक सेकंदाच्या आत ठेवले. नॉरिसचा फ्लॅप उघडत राहिला, त्यामुळे रसेलला फ्लॅप उघडूनही नॉरिसला गाठता येईना. शेवटच्या लॅपमध्ये रसेल भिंतीला धडकला आणि साइन्झ 0.8 सेकंदाने जिंकला. त्या हंगामात व्हेरस्टॅपेनच्या रेड बुल संघाने न जिंकलेली ही एकमेव शर्यत. पाठलाग करणाऱ्याला दिलेली सवलत पुढच्याने स्वतःच्या बचावासाठी मागच्याला वाटली! हीच गोष्ट पाच-सहा गाड्यांची रांग लागली की आपोआप घडे: पहिला सोडून सगळ्यांचे फ्लॅप उघडे, म्हणून कोणालाच फायदा नाही. त्याला ‘डीआरएस ट्रेन’ म्हणत, आणि ती पाहणे कंटाळवाणे असे, हे निष्ठावान चाहतेही मान्य करतात.

फटीच्या मापावरूनही वाद झाले. 2019 पासून फ्लॅप उघडल्यावरची फट जास्तीत जास्त 85 मिमी असू शके. 2021 मध्ये साओ पाउलोच्या पात्रता फेरीनंतर तपासनिसांनी हॅमिल्टनच्या विंगमध्ये 85 मिमीचे माप सरकवून पाहिले. ते आत जायला नको होते; एका बाजूला गेले. फरक 0.2 मिमीचा, तरी तो पात्रता फेरीतून बाद झाला. स्प्रिंटमध्ये, म्हणजे मुख्य शर्यतीआधीच्या छोट्या शर्यतीत, शेवटून सुरुवात करून तो पाचवा आला, जादा इंजिन वापरल्याच्या शिक्षेमुळे मुख्य शर्यतीत दहाव्या जागेवरून निघाला आणि जिंकला. त्याच प्रकरणात हॅमिल्टनच्या विंगला हात लावल्याबद्दल व्हेरस्टॅपेनला 50,000 युरो दंड झाला. 2024 मध्ये बाकूला ऑस्कर पियास्ट्रीच्या विजयी मॅक्लारेनचा फ्लॅप बटण न दाबताही वेगात किंचित वाकताना कॅमेऱ्यात दिसला. विंग चाचणीत उतरली होती, तरीही एफआयए या नियामक संस्थेशी बोलणे झाल्यावर मॅक्लारेनने ती बदलायचे मान्य केले.

सुरक्षिततेची बाजू कमी बोलली जाते. फ्लॅप मिटला नाही किंवा मिटायला उशीर झाला तर वळणात मागची पकडच नसते. 2018 मध्ये मोंझाच्या सरावात मार्कस एरिक्सनची साउबर अशीच भिंतीला आपटून कोलांट्या खात गेली; 2025 मध्ये सुझुकाच्या सरावात जॅक डूहानने पहिल्या वळणाआधी फ्लॅप मिटवलाच नाही. दोघेही बचावले.

खालच्या श्रेणींतही डीआरएस होता. जीपी2 मध्ये तो 2015 मध्ये आला आणि पुढे फॉर्म्युला टूमध्येही राहिला. त्यामुळे 2020 मध्ये बहरीनमधल्या सखीरला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणाऱ्या मुंबईच्या जेहान दारूवालाचाही या बटणाशी रोजचा संबंध होता. भारतातल्या प्रेक्षकांनी तो प्रत्यक्ष पाहिला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, 2011 ते 2013 च्या तीन शर्यतींत. तिन्ही वेटेलने जिंकल्या, बहुतेक वेळ आघाडीवर राहून, म्हणजे फ्लॅप फारसा न उघडता.

2022 मध्ये गाडीच्या तळाखालून डाऊनफोर्स मिळवणारे नवे नियम आले, तेव्हा डर्टी एअर कमी होईल आणि डीआरएसची गरज उरणार नाही अशी आशा होती. पहिल्या हंगामात फरक जाणवलाही. पण संघांनी गाड्या सुधारत नेल्या तशी मागची हवा पुन्हा बिघडत गेली. 2026 च्या नियमांनी डीआरएस काढून टाकला. आता पुढची आणि मागची अशा दोन्ही विंग हलतात, आणि ठरलेल्या पट्ट्यांत ती सोय अंतर न मोजता सर्वांना मिळते. एक सेकंदाची अट मात्र गेलेली नाही: मागच्याला आता जादा विद्युतशक्ती मिळते. समान संधीचा आक्षेप घेणाऱ्यांचे त्यामुळे निम्मेच समाधान झाले आहे.