बंद पोर्ट नेमके कुठे बंद असते?

गोव्यात देवळाच्या उत्सवात होणाऱ्या मराठी नाटकांचे चित्रीकरण आता अनेक ठिकाणी मंडळातली मुलेच चांगल्या कॅमेऱ्याने करतात, आणि रात्रभर चाललेल्या प्रयोगाची फाइल ६० गिगाबाइटपर्यंत सहज जाते. ती डिचोलीतल्या घरातून पुण्याच्या भावाला पाठवायची म्हटली, तर गूगलच्या खात्यात फुकट मिळणारी १५ गिगाबाइटची जागा पुरत नाही. घरच्या फायबर जोडणीला अपलोडचा वेग सेकंदाला ५० मेगाबिट मिळत असेल, तर तीच फाइल एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर थेट पाठवायला हिशेबाने दोन तास चाळीस मिनिटे लागतात. म्हणून सिंकथिंग, बिटटोरेंट किंवा एसएफटीपी यांसारख्या साधनांकडे वळणे रास्तच आहे. मात्र ती लावून पाहिली की अनेकांच्या पडद्यावर ‘पोर्ट बंद आहे’ एवढाच निरोप येतो, आणि ते कुठे बंद आहे हे त्यातून कळत नाही. मग घाईघाईने फायरवॉल, म्हणजे नको असलेली वाहतूक अडवणारी सोय, बंद केली जाते, राउटरमधले दिसेल ते बटण दाबले जाते, आणि काम होत नाही ते नाहीच. वर घरचा संगणक मात्र उघडा पडतो. माझे आग्रहाचे सांगणे असे, की काहीही उघडण्याआधी पॅकेट, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा माहितीचा छोटा तुकडा, नेमके कोणत्या टप्प्यावर थांबते ते शोधावे, आणि हा शोध आपल्या संगणकापासून सुरू करून एकेक पायरी बाहेर जावा.

इंटरनेटवरून येणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: ते कोणत्या यंत्राकडे जायचे तो आयपी पत्ता, आणि त्या यंत्रावरच्या कोणत्या प्रोग्रॅमला द्यायचे तो पोर्ट क्रमांक. पोर्टसाठी १६ बिट राखलेले असल्यामुळे हे क्रमांक ० ते ६५,५३५ एवढेच असू शकतात. त्यांतले पहिले १,०२४ प्रसिद्ध सेवांसाठी ठेवलेले आहेत. दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडणारी एसएसएच आणि तिच्यावर चालणारी, फाइल पाठवणारी एसएफटीपी २२ वर, सुरक्षित संकेतस्थळे ४४३ वर. सिंकथिंग २२००० वर ऐकते, म्हणजे तिथे येणाऱ्या पॅकेटची वाट पाहते, तर २००१ साली ब्रॅम कोहेन यांनी तयार केलेल्या बिटटोरेंटची जुनी नेहमीची पोर्ट ६८८१ ते ६८८९ अशी होती. पोर्ट ही हात लावून पाहण्याजोगी वस्तू नव्हे. एखादा प्रोग्रॅम त्या क्रमांकावर ऐकत बसलेला असेल आणि पॅकेट त्याच्यापर्यंत पोहोचत असेल, तरच ते पोर्ट उघडे आहे असे आपण म्हणतो. या दोन अटींपैकी पहिलीच पुष्कळदा पुरी झालेली नसते.

म्हणून पहिला प्रश्न असा, की प्रोग्रॅम खरोखर ऐकतो आहे का? विंडोजवर ‘नेटस्टॅट’ आणि लिनक्सवर ‘एसएस’ हा आदेश योग्य पर्यायांसह दिला, की ऐकणाऱ्या सर्व पोर्टची यादी समोर येते. त्या यादीत २२००० च्या आधी काय लिहिले आहे ते नीट पाहावे. तिथे ०.०.०.० असेल, तर प्रोग्रॅम संगणकाच्या सर्व जोडण्यांवर ऐकतो आहे. तिथे १२७.०.०.१ असेल, तर तो फक्त त्याच संगणकातून येणाऱ्या हाकेला ओ देतो, आणि अशा स्थितीत जगातला कोणताही राउटर बदलला तरी उपयोग होणार नाही. क्रमांक यादीत मुळीच नसेल, तर प्रोग्रॅम चालू नाही किंवा त्याने दुसरे पोर्ट घेतले आहे.

त्यानंतर घरातल्याच दुसऱ्या संगणकावरून, त्याच वाय-फायवरून, जोडणी करून पाहावी. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ हा आदेश त्यासाठी आहे. येथे येणाऱ्या उत्तराचा प्रकार फार महत्त्वाचा आहे आणि त्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. आधी जोडणी जुळवून मगच माहिती पाठवणाऱ्या टीसीपी या पद्धतीत जोडणीची विनंती पाठवल्यावर तीन गोष्टी घडू शकतात. होकार आला, तर सर्व ठीक आहे. तत्काळ नकार आला, म्हणजे ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असे दिसले, तर पॅकेट कुठल्या तरी यंत्रापर्यंत पोहोचले असून त्या पोर्टवर तिथे कोणी ऐकत नाही, असा त्याचा बहुधा अर्थ असतो. आणि बराच वेळ काहीच न होता ‘टाइम आउट’ झाले, तर वाटेत कोणीतरी पॅकेट गुपचूप टाकून दिले आहे. नकार आणि मौन यांतला हा फरक तपासाचा अर्धा भाग उरकून टाकतो. एक खोच मात्र ध्यानात ठेवावी: विंडोजची फायरवॉल चालू असेल, तर कोणीही ऐकत नसलेल्या पोर्टवरही ती सहसा मौनच पाळते, आणि म्हणूनच ऐकणाऱ्या प्रोग्रॅमची खातरजमा आधी करायची. जोडणी न जुळवताच पॅकेट पाठवणाऱ्या यूडीपी पद्धतीच्या बाबतीत तर होकार देण्याची पद्धतच नसल्यामुळे नुसत्या मौनावरून काही निष्कर्ष काढता येत नाही.

घरातूनच मौन मिळाले, तर दोष संगणकाच्या फायरवॉलमध्ये असण्याची शक्यता सर्वांत मोठी. विंडोज प्रत्येक नेटवर्कला ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ असा शिक्का मारते, आणि घरच्या वाय-फायला चुकून ‘पब्लिक’ शिक्का बसला असेल, तर आपण प्रायव्हेटसाठी दिलेली परवानगी लागूच होत नाही. विकत घेतलेल्या अँटिव्हायरसची स्वतःची वेगळी फायरवॉल असू शकते, तीही पाहावी. फायरवॉल सरसकट बंद करण्याची गरज कधीच पडत नाही. त्या एका प्रोग्रॅमला परवानगी दिली की पुरते.

आता राउटर. याचे काम पर्वरीतल्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलाच्या रखवालदारासारखे आहे: आतून बाहेर जाणाऱ्याची तो नोंद ठेवतो, त्याच्या नावाने परत आलेले सामान बरोबर त्याच्या सदनिकेत पोहोचवतो, पण कोणी न मागवता आलेले पार्सल कोणाला द्यायचे हे आधी सांगून ठेवलेले नसेल, तर तो ते फाटकावरूनच परत करतो. आयपीच्या चौथ्या आवृत्तीतले पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी. जगाला ते पुरणार नाहीत हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसू लागले होते. तेव्हा १९९४ साली एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक यंत्रे ठेवण्याची नॅट ही युक्ती मांडली गेली. घरांतल्या यंत्रांना दिसणारे १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते अशाच खासगी वापरासाठी राखलेले आहेत आणि ते इंटरनेटवर बाहेर चालत नाहीत. ‘अमुक पोर्टवर आलेले पॅकेट आतल्या अमुक पत्त्याला द्या’ ही राउटरला दिलेली आगाऊ सूचना म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. काही राउटरांच्या पानावर तिलाच ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ म्हणतात. काही प्रोग्रॅम यूपीएनपी या सोयीने ही सूचना स्वतःच नोंदवतात. ते सोपे असले, तरी घरातला कोणताही प्रोग्रॅम न विचारता तसे करू शकतो, म्हणून मी स्वतः हाताने लिहिलेली एकच सूचना पसंत करतो.

ही सूचना आज चालते आणि उद्या चालत नाही, असा अनुभव गोव्यात पावसाळ्यात विशेष येतो, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे. वीज जाऊन आली की राउटर नव्याने सुरू होतो आणि घरातल्या यंत्रांना पुन्हा पत्ते वाटतो. काल संगणकाकडे असलेला १९२.१६८.१.५ हा पत्ता आज थोरल्या मुलीच्या फोनकडे जाऊ शकतो, आणि राउटर इमानेइतबारे २२००० वरची पॅकेटे त्या फोनकडे ढकलत राहतो. राउटरच्या डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याच्या, विभागात त्या संगणकासाठी पत्ता राखून ठेवला, की हा त्रास कायमचा संपतो. बाहेरचा सार्वजनिक पत्ताही अशा वेळी बदलू शकतो. त्यासाठी, पत्ता बदलला तरी एकाच नावाने संगणक सापडू देणारी डायनॅमिक डीएनएसची सेवा वापरतात.

आणखी एक गुंता आपल्याकडच्या घरांत सर्रास आढळतो. फायबर जिथे घरात शिरते तिथे सेवादात्याने बसवलेला डबा असतो, ज्याला सगळे मोडेम म्हणतात. तो पुष्कळदा स्वतःच राउटरही असतो. जुन्या घरांच्या जाड चिऱ्याच्या भिंतींतून वाय-फाय पुढे जात नाही, म्हणून आतल्या खोलीसाठी आपण दुसरा राउटर आणतो, आणि तोही नॅट करू लागतो. आता पॅकेटाला दोन ठिकाणी सूचना हवी, आणि आपण एकाच ठिकाणी दिलेली असते. यावर चांगला उपाय म्हणजे आपल्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून, म्हणजे नॅट न करता फक्त वाय-फाय पुरवण्यासाठी, चालवणे, किंवा सेवादात्याला सांगून त्यांचा डबा ‘ब्रिज मोड’मध्ये, म्हणजे राउटरचे काम न करता जोडणी नुसती पुढे देण्याच्या स्थितीत, घालून घेणे.

एवढे सगळे जागच्या जागी असूनही बाहेरून जोडणी होत नसेल, तर निर्णायक चाचणी करण्याची वेळ आली. राउटरच्या पानावर ‘वॅन’ (सेवादात्याकडची बाहेरची बाजू) या शीर्षकाखाली दिसणारा आयपी पत्ता कागदावर लिहून घ्यावा, आणि मग ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळावर जाऊन तिथे दिसणारा पत्ता त्याच्या शेजारी लिहावा. दोन्ही एकच असतील, तर प्रश्न अजून आपल्या घरातच आहे. दोन्ही वेगळे असतील, आणि वरच्या परिच्छेदातला दुहेरी राउटर घरात नसेल, तर मधे सेवादात्याचे नॅट उभे आहे. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल, तर शंकेला जागाच उरत नाही, कारण एप्रिल २०१२ मध्ये ४१,९४,३०४ पत्त्यांचा हा पट्टा खास याच कामासाठी राखला गेला. काही सेवादाते १० ने सुरू होणारे पत्तेही वापरतात.

याला कॅरियर-ग्रेड नॅट किंवा सीजी-नॅट म्हणतात, आणि ते का आले हे समजून घेतले तर ग्राहक सेवा केंद्राशी निष्फळ वाद घालण्याचे टळते. पत्त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला, आणि आशिया-प्रशांत विभागाचा साठा त्याच वर्षी १५ एप्रिलला शेवटच्या राखीव तुकड्यावर आला. भारतात घरोघरी ब्रॉडबँड आणि स्वस्त मोबाइल डेटा पोहोचला तो त्यानंतर. म्हणजे ग्राहक आले तेव्हा पत्ते उरले नव्हते, आणि एकच सार्वजनिक पत्ता अनेकांत वाटून देणे भाग पडले. समजा, ६४ ग्राहकांत एक पत्ता समान वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला १,०२४ पोर्ट येतात. २२००० हा क्रमांक तेव्हा त्यांपैकी एकाच ग्राहकाचा असू शकतो, आणि तो आपण असण्याची शक्यता कमी. राउटरमध्ये कितीही सूचना लिहिल्या तरी त्या निरुपयोगी ठरतात त्या यामुळे. पॅकेट आपल्या दारापर्यंत येतच नाही.

ही चाचणी करताना एक काळजी घ्यावी. घरच्याच वाय-फायवरून आपल्याच सार्वजनिक पत्त्याला हाक मारून पाहिली, तर अनेक राउटर ते पॅकेट मागे वळवून आत घेत नाहीत, आणि उघडे पोर्टही बंद भासते. फोनचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावरून तपासावे. पोर्ट तपासणारी संकेतस्थळे बहुधा टीसीपीच पाहतात, आणि तेही प्रोग्रॅम त्या क्षणी चालू असेल तरच खरे सांगतात.

सेवादात्याने मुद्दाम पोर्ट अडवलेले असण्याचा संशय लोक सर्वांत आधी घेतात; माझ्या मते तो सर्वांत शेवटी घ्यावा. भारतात २०१८ साली दूरसंचार विभागाने नेट न्यूट्रॅलिटीचे, म्हणजे सगळ्या इंटरनेट वाहतुकीला समान वागवण्याचे, तत्त्व स्वीकारल्यामुळे एखाद्या प्रकारच्या वाहतुकीला विनाकारण अडवणे परवान्याच्या अटींत बसत नाही, मात्र सुरक्षेसाठी वाजवी नियंत्रण करता येते. विंडोजमधल्या सामायिक फोल्डरांचे ४४५ हे पोर्ट जगभरचे अनेक सेवादाते अडवतात, आणि ते योग्यच आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच मार्गाने काही तासांत असंख्य देशांत पसरला. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, पण ती न बसवलेले संगणक पुष्कळ होते. तेव्हा ४४५ इंटरनेटवर उघडण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. सामायिक फोल्डर घरातल्या घरात वापरावा आणि बाहेरच्यासाठी एसएफटीपी किंवा सिंकथिंग ठेवावे.

सीजी-नॅटमागे असलेल्यांपुढे तीन मार्ग आहेत. काही सेवादाते जादा आकार घेऊन स्थिर सार्वजनिक पत्ता देतात. फोन करताना ‘पोर्ट उघडा’ असे न म्हणता ‘स्टॅटिक पब्लिक आयपी हवा’ असे म्हटले, तर पलीकडच्या माणसाला लगेच कळते. दुसरा मार्ग आयपीच्या सहाव्या आवृत्तीचा, आणि तो मला सर्वांत आश्वासक वाटतो. तिचे पत्ते १२८ बिटांचे असल्यामुळे घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो आणि नॅटची गरजच राहत नाही. भारत या आवृत्तीच्या वापरात जगातल्या आघाडीच्या देशांपैकी एक आहे, त्यामुळे आपल्या जोडणीवर ती आधीच चालू असण्याची शक्यता चांगली आहे. राउटरची फायरवॉल इथेही बाहेरून येणारे पॅकेट अडवते, पण तिला एका यंत्रासाठी आणि एका पोर्टसाठी परवानगी देता येते. पुण्याच्या टोकालाही सहावी आवृत्ती असावी लागते, एवढी अट.

तिसऱ्या मार्गात पोर्ट उघडावेच लागत नाही. दोन्ही संगणक बाहेरच्या एका सर्व्हरकडून परस्परांचा पत्ता आणि पोर्ट विचारून घेतात आणि एकाच वेळी एकमेकांकडे पॅकेट पाठवतात. दोन्हीकडच्या नॅटला वाटते की ही आपल्याच माणसाने सुरू केलेली वाहतूक आहे, आणि उत्तर आत सोडले जाते. याला होल पंचिंग म्हणतात. नॅट प्रत्येक नव्या ठिकाणासाठी वेगळे पोर्ट देत असेल तर ही युक्ती फसते, आणि मग सिंकथिंगसारखे प्रोग्रॅम मधल्या रिले सर्व्हरवरून फाइल पाठवतात. मजकूर दोन टोकांमध्येच उघडतो, रिले चालवणाऱ्याला तो वाचता येत नाही; फक्त वेग बराच उतरतो, आणि ६० गिगाबाइटला रात्र पुरत नाही.

जोडणी होते, फाइलचे नाव दिसते, पण पुढे एक बाइटही सरकत नाही, अशी तक्रार असेल तर पोर्टला दोष देऊ नये. सेवादात्याकडे नाव आणि पासवर्ड देऊन होणाऱ्या पीपीपीओई पद्धतीच्या जोडणीत प्रत्येक पॅकेटातले ८ बाइट तिच्या स्वतःच्या शीर्षकात जातात, त्यामुळे १,५०० ऐवजी १,४९२ बाइटच मावतात. लहान पॅकेटे सुखरूप जातात, मोठी वाटेत हरवतात. राउटरच्या वॅन पानावर एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटात मावणाऱ्या कमाल बाइटचा, आकडा १,४९२ आहे की नाही ते पाहावे, आणि नसेल तर तो तेवढा करून जोडणी पुन्हा सुरू करावी.