अ‍ॅडव्हान्टेज म्हणजे +५ नव्हे

हाउस रूलची, म्हणजे आपल्या टेबलापुरत्या केलेल्या नियमांची, चर्चा निघाली की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "अ‍ॅडव्हान्टेज काय, +५ काय, हिशेब एकच." हिशेब एकच नाही. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवण्याच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. एकीच्या जागी दुसरी बसवली, की ज्यांना तुम्ही हातही लावला नव्हता असे नियम एकेक करून निकामी होतात. सगळ्यात जास्त घोळ फ्लँकिंगमध्ये, म्हणजे शत्रूला दोन बाजूंनी घेरण्यात, होतो, म्हणून इथली बहुतेक उदाहरणं तिथलीच आहेत.

अ‍ॅडव्हान्टेज म्हणजे वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा, हे सगळ्यांना माहीत आहे. +२ सारखा बोनस म्हणजे पडलेल्या आकड्यात तेवढे मिळवायचे, हेही सांगायला नको. पण +५ आलं कुठून? पॅसिव्ह चेकच्या नियमातून. तिथे फासा टाकायचाच नसतो, त्यामुळे अ‍ॅडव्हान्टेजसाठी सरसकट ५ मिळवतात. पॅसिव्ह पर्सेप्शन (मुद्दाम न शोधता काही लक्षात येण्याचं माप) १२ असेल तर १७ धरतात. न टाकलेल्या फाशासाठी केलेली ती सोय आहे. ती टाकलेल्या फाशाला लावायचं काही कारण नाही. एका फाशाची सरासरी १०.५ आणि दोनांतल्या मोठ्याची १३.८ च्या आसपास, म्हणजे सरासरीतही फरक सव्वातीनचाच.

पण सरासरीवर वाद घालण्यात अर्थ नाही, कारण प्रश्न "किती पडलं" हा नसून "लागलं की नाही" हा असतो. त्याचं उत्तर फाशावर किती पडायला हवं यावर अवलंबून आहे. ११ किंवा जास्त हवं असेल तर साध्या फाशाने ५० टक्के आणि अ‍ॅडव्हान्टेजने ७५ टक्के. प्रत्येक +१ म्हणजे ५ टक्के, म्हणून इथे ते खरंच +५ इतकं आहे. ६ हवं असेल तर ७५ चे ९३.७५ होतात, १६ हवं असेल तर २५ चे ४३.७५. दोन्हीकडे किंमत पावणेचारवर येते. २० च हवं असेल तर ५ चे ९.७५ टक्के, म्हणजे जेमतेम +१. लढाईत बहुतेक वेळा ८ ते १४ यांमधलं काहीतरी लागतं. त्या पट्ट्यात किंमत साडेचार ते पाच राहते, म्हणून "+५" खपून जातं. सेव्हिंग थ्रोमध्ये, म्हणजे आलेल्या संकटातून वाचण्यासाठी टाकलेल्या फाशात, ते खपत नाही. −१ सेव्ह असलेल्या पात्रासमोर डीसी (गाठायचा आकडा) १९ आला, तर अ‍ॅडव्हान्टेज असूनही वाचण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या आत. खरे +५ दिले तर ती ३० टक्के होते. डीसी २० असेल तर फाशावर २१ हवं, आणि ते दोन फाशांनीही पडत नाही. सेव्हवर नॅचरल २० (फाशावरच पडलेले २०) आपोआप यशस्वी होत नाही, त्यामुळे तिथे अ‍ॅडव्हान्टेजची किंमत शून्य आहे. साधे +२ मात्र तिथेही १० टक्के मिळवून देतात.

इथवरचा भाग कागद-पेन्सिलीने कोणालाही तपासता येतो. खरा अडखळा पुढे आहे.

बोनस ही रक्कम आहे; तिच्यात दुसरी रक्कम मिळवता येते. अ‍ॅडव्हान्टेज ही अवस्था आहे, आहे किंवा नाही एवढंच. चार ठिकाणांहून मिळालं तरी फासे दोनच. एक अ‍ॅडव्हान्टेज आणि तीन डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फाशांतला लहान आकडा घ्यायचा) एकत्र आले तरी मोजदाद होत नाही. दोन्ही बाजू गळून पडतात आणि एकच फासा उरतो. हा नियम चांगला आहे, डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची, आकडेमोड वाचवतो. पण त्याचा अर्थ असा, की अ‍ॅडव्हान्टेजची जागा एकच आहे. ती एखाद्या फुकट मिळणाऱ्या गोष्टीने भरून टाकली, की किंमत मोजून तीच जागा भरणारं बाकी सगळं वाया जातं.

आता फ्लँकिंग बघा. २०१४ च्या डीएमच्या पुस्तकातला ऐच्छिक नियम असा: शत्रूच्या समोरासमोरच्या बाजूंना दोन साथीदार उभे राहिले की दोघांच्याही मेली (हातघाईच्या) हल्ल्यांना अ‍ॅडव्हान्टेज. दोन पावलं चाललं की मिळालं. मग बार्बेरियनने (एक लढवय्या पात्रप्रकार) रेकलेस अटॅक कशासाठी वापरायचा? त्यात तो स्वतःवरच्या हल्ल्यांनाही अ‍ॅडव्हान्टेज देऊन बसतो, आणि बदल्यात मिळतं ते त्याला आधीच मिळालेलं असतं. फेअरी फायर या अ‍ॅडव्हान्टेज मिळवून देणाऱ्या स्पेलला एक स्पेल स्लॉट लागतो, कॉन्सन्ट्रेशन लागतं, वर शत्रूचा सेव्ह चुकावा लागतो. मेलीवाल्यांना त्यातून काहीच वाढीव मिळत नाही. शत्रूला खाली पाडण्यात एक हल्ला घालवणंही तसंच. हे पर्याय पुस्तकातून कोणी काढत नाही, खेळाडूच काही सत्रांत ते वापरणं सोडून देतात. मग डीएम म्हणतो की लढाया एकसुरी झाल्यात, आणि त्याला कारण सापडत नाही.

रद्द होण्याची बाजू याहून वाईट. चहूबाजूंनी घेरलेला माणूस स्वाभाविकपणे डॉज करतो: पूर्ण अ‍ॅक्शन खर्च करतो, आणि त्याच्यावरच्या हल्ल्यांना डिसअ‍ॅडव्हान्टेज मिळतं. समजा हल्लेखोराला ११ हवं आहे. फ्लँकिंगचं अ‍ॅडव्हान्टेज आणि डॉजचं डिसअ‍ॅडव्हान्टेज एकमेकांना खातात आणि हल्ला ५० टक्के लागतो, म्हणजे घेरलं नसताना आणि डॉज केला नसताना लागला असता तेवढाच. फ्लँकिंगला +२ असते, तर ९ हवं, दोन फासे, लहान आकडा: ३६ टक्के. घेराव जाणवतो आणि डॉजही कामाला येतो. विषबाधेचंही तेच. पॉयझन्ड असलेला, वरून घाबरलेला योद्धा फ्लँकिंगच्या जागेवर जाऊन उभा राहिला की डिसअ‍ॅडव्हान्टेज देणाऱ्या या दोन्ही कंडिशन्स त्याच्या मेली हल्ल्यापुरत्या पुसल्या जातात. हे मला अजिबात मान्य नाही. कंडिशन लादायला कोणीतरी आपली पाळी खर्च केलेली असते.

ग्रेट वेपन मास्टर या फीटचं (पात्राने निवडलेल्या खास कौशल्याचं) २०१४ मधलं रूप घेतलं तर आकडेच बोलतात: नेमावर −५, डॅमेजवर +१०. एरवी ८ हवं असलेल्या हल्ल्याला ६५ टक्के शक्यता असते. −५ घेतले की १३ हवं, म्हणजे ४० टक्के; हीच त्या +१० ची किंमत. फुकटचं अ‍ॅडव्हान्टेज मिळालं की १३ असूनही ६४ टक्के. किंमत गेली, +१० राहिले. फ्लँकिंग +२ असेल तर ११ हवं, ५० टक्के, आणि खेळाडूला अजूनही विचार करावा लागतो. २०२४ च्या नियमांत हे −५ काढून टाकले आहेत, पण जुनं फीट आणि फ्लँकिंगचं अ‍ॅडव्हान्टेज एकत्र चालवणाऱ्यांनी आधी हा हिशेब करावा आणि मग "फायटर फार भारी पडतो" म्हणावं.

क्रिटिकलचा (नॅचरल २० पडल्यावर बसणाऱ्या जबर फटक्याचा) फरक सगळे जाणतात: अ‍ॅडव्हान्टेजने नॅचरल २० ची शक्यता ५ वरून ९.७५ टक्के होते, बोनसने तिथेच राहते. रोग (Rogue) या चोरट्या पात्रप्रकारासाठी फ्लँकिंग हवंच, असं म्हणणाऱ्यांनी स्नीक अटॅकचा, म्हणजे त्याच्या जादा डॅमेजचा, नियम पुन्हा वाचावा. शत्रूपासून पाच फुटांत त्याचा दुसरा कोणी शत्रू उभा असला आणि रोगला डिसअ‍ॅडव्हान्टेज नसलं की पुरतं.

म्हणून माझं मत ठाम आहे. जे दर पाळीला घडणार, त्याला बोनस द्या. जे एकदाच घडणार, म्हणजे झुंबराला लटकून मारलेली उडी किंवा पहारेकऱ्याला आधी शोधून काढलेल्या गुपिताची भीती घालणं, त्याला अ‍ॅडव्हान्टेज द्या. फ्लँकिंगचा नियम मी असा लिहीन: शत्रूच्या समोरासमोरच्या बाजूंना दोन साथीदार, दोघांनाही शत्रू दिसतो, दोघांपैकी कोणी इन्कॅपॅसिटेटेड (काही करण्यास असमर्थ) नाही, तर त्या शत्रूवरच्या दोघांच्या मेली हल्ल्यांना +२. चौघांनी घेरलं तरी +२ च. "+२ मुळे आर्मर क्लासचा, म्हणजे हल्ला लागायला गाठायच्या आकड्याचा, तोल जातो" ही तक्रार मला पटत नाही. ब्लेस हे पहिल्या लेव्हलचं स्पेल सरासरी २.५ देतं, आणि अर्ध्या आडोशाने आर्मर क्लास २ ने वाढतो. खेळ या मापाचे बोनस मुळातच पेलतो. दुसऱ्या खेळांतला आकडा मात्र तसाच उचलू नका. पाथफाइंडर या तशाच खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत फ्लँक झालेल्याचा आर्मर क्लास २ ने घटतो, पण तिथे लक्ष्याहून १० ने जास्त पडलं की क्रिटिकल होतं, त्यामुळे तिथले २ इथल्या २ पेक्षा महाग आहेत.

बोनसची एक खोट आहे, ती लपवण्यात अर्थ नाही: तो साठत जातो. लांडग्यांना पॅक टॅक्टिक्स या गुणामुळे साथीदार जवळ असला की अ‍ॅडव्हान्टेज आधीच असतं. लांडग्याचा बोनस +४, समोर आर्मर क्लास १६. १२ हवं, साध्या फाशाने ४५ टक्के, पॅक टॅक्टिक्सने ६९.७५. फ्लँकिंग अ‍ॅडव्हान्टेजचं असतं तर यात काही वाढलं नसतं. +२ मुळे ते ७९.७५ वर जातं, आणि पहिल्या-दुसऱ्या लेव्हलचं पात्र चार लांडग्यांच्या मध्ये सापडलं तर एका फेरीत आडवं होतं. त्यासाठी नियमाला एक ओळ जोडा: पॅक टॅक्टिक्स असलेल्या प्राण्यांना फ्लँकिंगचा +२ मिळत नाही.