उशी, बर्फ आणि कूस : हृदयोपचारांनंतर औषधाविना वेदनाशमनाची पार्श्वभूमी

मे १९५३ मध्ये फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीनच्या (शस्त्रक्रियेपुरते हृदय-फुप्फुसांचे काम करणाऱ्या यंत्राच्या) आधारे पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली आणि १९६७ पासून क्लीव्हलँडमध्ये रेने फावालोरो यांनी बायपास रुळवली, तेव्हा छातीचे मधले हाड उभे कापणे हे शस्त्रक्रियागृहातले नित्याचे काम झाले. अशा रुग्णाने कफ साठू नये म्हणून खोकलेच पाहिजे, आणि खोकताना तर टाक्यांतून कळ उठते. त्यावर छातीशी उशी घट्ट आवळून खोकायला शिकवणे हा परिचारिकांचा उपाय आजही पहिल्याच दिवशी उपयोगी पडतो.

अशा उपायांना शास्त्राचा आधार त्याच सुमारास मिळाला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्येच गोंगाटाचा रुग्णाला होणारा त्रास नोंदवला होता आणि अखंड सुरांच्या वाद्यांचा गुणही सांगितला होता (पियानोबद्दल मात्र त्यांचे मत प्रतिकूल होते). १९६४ मध्ये बोस्टनमधील भूलतज्ज्ञ लॉरेन्स एग्बर्ट यांनी पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांवरील अभ्यासात दाखवले, की काय दुखेल आणि तेव्हा अंग कसे सैल सोडावे हे आधी समजावले, तर नार्कोटिक औषध निम्म्याने कमी लागते. पुढच्याच वर्षी मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी गेट कंट्रोल सिद्धान्त मांडला (स्पर्शाच्या संवेदना मज्जारज्जूतील जणू एक दार लोटून वेदनेचा संदेश अडवतात), आणि ठेच लागताच आपण ती जागा का चोळतो याचे उत्तर मज्जारज्जूत सापडू लागले. परिचर्येच्या दृष्टीने मात्र मार्गो मॅककॅफरी या परिचारिकेची १९६८ची व्याख्या मला अधिक मोलाची वाटते : रुग्ण दुखते म्हणतो, तेव्हा आणि तेवढे दुखते.

छातीतील ड्रेन, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर साठणारे रक्त व द्रव बाहेर नेणारी नळी, काढण्याचे काम काही क्षणांचे, पण रुग्णांच्या चांगलेच लक्षात राहणारे. मज्जातंतूंतील संवेदनांचा वेग थंडीने मंदावत असल्याने, त्याआधी सुमारे २० मिनिटे नळीभोवती बर्फाची पिशवी ठेवून पाहण्यात आली. निष्कर्ष मात्र सर्वत्र सारखे आले नाहीत.

१९७७ मध्ये झुरिचमध्ये आंद्रेयास ग्रुंट्झिग यांनी पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी केली, म्हणजे जांघेतील धमनीतून नळी नेऊन हृदयाची अरुंद झालेली धमनी फुग्याने रुंद केली, आणि दुखण्याची जागाच बदलली. त्या जागेतून रक्तस्राव होऊ नये म्हणून रुग्णाला पाय न वाकवता तासन्‌तास उताणे ठेवले जाई; जांघेवर वाळूची पिशवी असे, आणि तक्रार असे ती धरलेल्या पाठीची. हे दुखणे रोगाने नव्हे, नियमाने दिलेले होते. त्यामुळे हाँगकाँग, इराण आणि इतरत्रही परिचारिकांनी नियमच तपासायला घेतला. ठरावीक वेळाने कूस बदलून, डोक्याकडची बाजू थोडी उचलून त्यांनी पाहिले, तर पाठदुखी कमी झाली आणि रक्तस्राव वाढल्याचे दिसले नाही.

१९८९ मध्ये ल्युसियन काम्पो यांनी मनगटातून अँजिओग्राफीचा (हृदयधमन्यांच्या क्ष-किरण तपासणीचा) मार्ग दाखवला, १९९२ पासून फेर्डिनांड किमेनाय त्याच मार्गाने अँजिओप्लास्टी करू लागले, आणि रुग्ण थोड्याच वेळात उठून बसू लागला. नळीवाटे हृदयाची झडप बदलताना मात्र अजूनही बहुधा जांघेतूनच जावे लागते, त्यामुळे कुशीवर कधी वळू, हा प्रश्न आजही रुग्ण परिचारिकेलाच विचारतो.