चरबीच्या पेशीतला काटा

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापून आला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! वजनकाट्याला हा फरक दिसत नाही. चरबीचं वागणं कळायला तिच्या पेशीतच शिरावं लागतं. गंमत म्हणजे तिथेही काटाच लागतो, फक्त तो प्रथिनं तोलतो.

जनुकं तपासून भागत नाही, कारण उपाशीपोटी आणि पुरणपोळी चापल्यावर पेशीतली जनुकं तीच असतात. बदलतं ते प्रथिनांचं काम.

त्यांना तोलणारं यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. पण चरबीची पेशी सहजासहजी हाती लागत नाही. तिचा बहुतेक भाग तेलाच्या एकाच थेंबाने व्यापलेला असतो आणि बाकी सगळं कडेला चेपलेलं. ती वाटून सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून जड-हलकं वेगळं करणाऱ्या यंत्रात, फिरवली की वर तवंग जमतो. तो नको म्हणून फेकलात तर फसलात, कारण थेंबाला चिकटलेली प्रथिनं त्या तवंगातच असतात! मग ट्रिप्सिन हे विकर प्रथिनांचे ठरावीक जागी तुकडे करतं आणि यंत्र एकेक तुकडा तोलतं.

तवंगात सापडणारं एक प्रथिन म्हणजे पेरिलिपिन. तेलाच्या थेंबाभोवती ते पहारेकऱ्यासारखं उभं असतं. उपास घडला, धावपळ झाली की ॲड्रेनलिनसारख्या संप्रेरकांचा निरोप येतो आणि पेरिलिपिनवर फॉस्फेटचे शिक्के बसतात. त्यासरशी पहारा ढिला होतो, चरबी तोडणारी विकरं थेंबाला भिडतात आणि मेदाम्लं रक्तात उतरतात. हे सगळं काही मिनिटांत. पेरिलिपिन किती आहे एवढंच मोजलं तर काहीच घडलं नाही असं वाटेल. पण एका शिक्क्याने तुकड्याचं वजन ८० डाल्टनने (डाल्टन म्हणजे अणुरेणूंच्या वजनाचं एकक) वाढतं, आणि तेवढं यंत्राला पुरतं.

जेवण झालं की इन्शुलिन हा पहारा पुन्हा कडक करतं. लठ्ठपणात पुष्कळदा पेशी इन्शुलिनचं नीट ऐकत नाही. जेवणानंतरही मेदाम्लं रक्तात झिरपत राहतात आणि यकृतात, स्नायूंत, म्हणजे जिथे त्यांची सोयच नाही अशा ठिकाणी साठायला लागतात.