ड्रूप: एका शब्दाचे अर्थ आणि वापर (पार्श्वभूमी)

मान खाली घालणं, लोंबणं या अर्थाचं ‘द्रूपा’ हे जुन्या नॉर्स भाषेतलं क्रियापद मध्ययुगात इंग्रजीत आलं आणि त्याचं ‘ड्रूप’ झालं. ‘ड्रॉप’ आणि ‘ड्रिप’ हे शब्द त्याच्याच भावकीतले. पाण्यावाचून मलूल झालेलं रोप, पेंगणाऱ्या पापण्या, खचलेली उमेद, सगळ्यांना तो चालतो. पक्षाघातात तोंडाची एक बाजू ओघळते तिला ‘फेशियल ड्रूप’ म्हणतात, आणि झटका ओळखायच्या पहिल्या खुणांत ती मोजली जाते. मतमोजणीतला ‘ड्रूप कोटा’ मात्र यातला नव्हे. तो एकोणिसाव्या शतकातल्या एका इंग्रज वकिलाच्या आडनावावरून आला आहे. झुकण्याशी त्याचा काही संबंध नाही.

रोजच्या इंग्रजीत ड्रूप म्हणजे अशक्तपणा. यंत्रांच्या जगात तो बऱ्याचदा मुद्दाम ठेवलेला गुण असतो, आणि गोंधळाची सुरुवात इथेच होते. 1976 ते 2003 या काळात प्रवासी वाहतूक करणाऱ्या काँकॉर्डचं नाक उतरताना 12.5 अंश खाली झुकवत, कारण त्या विमानाला नाक बरंच वर ठेवून उतरावं लागे आणि एरवी वैमानिकाला धावपट्टीच दिसली नसती. याउलट एलईडीतला ‘एफिशियन्सी ड्रूप’ हा खरोखरचा दोष आहे: करंट वाढवला की प्रकाश त्या प्रमाणात वाढत नाही.

सर्वाधिक गैरसमज आहेत ते वीजनिर्मितीतल्या ड्रूपबद्दल. वाफेच्या इंजिनावर 1788 साली फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारी यंत्रणा, बसला, तेव्हापासून ही गोष्ट अस्तित्वात आहे. लोड वाढला की वेग थोडा कमी होऊन तिथेच स्थिरावायचा, पूर्वपदावर यायचा नाही. वेगातली ही घट म्हणजेच ड्रूप. 1868 मध्ये एका स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञाने गव्हर्नरांवरच्या आपल्या निबंधात अशा यंत्रणांना ‘मॉडरेटर’ म्हटलं आणि वेग तंतोतंत मूळ जागी आणणाऱ्यांसाठीच ‘गव्हर्नर’ हा शब्द राखून ठेवला. वर्गीकरण अचूक होतं, पण त्यातून ड्रूप म्हणजे अपुरं नियंत्रण असा ग्रह सहज होतो.

मशीन एकटं चालत असेल तर तो ग्रह एक वेळ खपून जातो. दोन मशीन एकाच बसबारवर, म्हणजे वीज गोळा करणाऱ्या सामायिक पट्टीवर, आली की चित्र उलटतं. विजेची फ्रिक्वेन्सी मशीनच्या वेगावर ठरते. दोघांनाही वेग तंतोतंत 50 हर्ट्झवर धरायला सांगितलं, तर मोजमापातल्या किंचित फरकामुळे एक लोड ओढत राहतं आणि दुसरं सोडत राहतं. ड्रूप असला की दोघं एकमेकांशी न बोलता लोड वाटून घेतात. समजा 100 आणि 300 मेगावॅटची दोन मशीन आहेत आणि दोन्हींचा ड्रूप 4 टक्के आहे. म्हणजे शून्य ते पूर्ण लोड एवढ्या बदलाला 50 हर्ट्झच्या 4 टक्के, 2 हर्ट्झ लागतात. फ्रिक्वेन्सी 0.1 हर्ट्झने घसरली तर पहिलं 5 आणि दुसरं 15 मेगावॅट उचलतं. मधे तारही लागत नाही, संदेशही लागत नाही. वीजतंत्रातली इतकी देखणी युक्ती दुसरी क्वचितच सापडेल.

भाषा मात्र घोळ घालते. वरच्या छोट्या मशीनचा ड्रूप 8 टक्के केला, तर ते 5 ऐवजी अडीचच मेगावॅट देईल. म्हणजे ड्रूप वाढला की प्रतिसाद कमी. ‘ड्रूप वाढवा’ या सूचनेचा अर्थ बैठकीत बसलेले दोघं दोन उलट प्रकारे घेऊ शकतात. दुसरा गोंधळ कंट्रोल रूममधल्या उत्पादन वाढवायच्या ‘रेज’ बटणाचा. ते दाबल्याने ड्रूप बदलत नाही, लोडबरोबर वेग कसा उतरतो ते दाखवणारी अख्खी रेषा वर सरकते. 4 टक्के ड्रूपचं मशीन 50 हर्ट्झवर पूर्ण लोड देत असेल, तर त्याचा बिनलोडचा सेटिंग वेग 52 हर्ट्झचा असतो. रेषेचा उतार तोच राहतो.

खरा वाद ड्रूप किती असावा यापेक्षा तो चालू ठेवायचा की नाही, यावर आहे. सतत वरखाली होण्याने झीज होते आणि नेमून दिलेलं उत्पादन पाळता येत नाही, म्हणून अनेक वीजकेंद्रं डेडबँड (फ्रिक्वेन्सीतला ज्या फरकापर्यंत गव्हर्नर हलतच नाही तो पट्टा) रुंद ठेवत किंवा गव्हर्नरच्या वरच्या कंट्रोलमधून प्रतिसाद परतवून लावत. अमेरिकेतल्या नियामकाने 2018 मध्ये ग्रिडला नव्याने जोडल्या जाणाऱ्या केंद्रांना जास्तीत जास्त 5 टक्के ड्रूप आणि 0.036 हर्ट्झचा डेडबँड बंधनकारक केला. पवन आणि सौर प्रकल्पही त्यात आले, अणुकेंद्रांना सूट मिळाली. उत्पादकांची तक्रार होती की सेवा घेता तर मोबदला द्या. मोबदल्याची सक्ती झाली नाही. पण त्याहून मोठी उणीव अशी की उत्पादनात वर जायला जागा राखून ठेवण्याची अटही घातली गेली नाही. पूर्ण क्षमतेवर चालणाऱ्या मशीनचा ड्रूप कागदावर कितीही चांगला असो, फ्रिक्वेन्सी घसरल्यावर त्याच्याकडे द्यायला काही नसतं. हा निर्णय अर्धाच झाला, असं म्हणावं लागतं.

सौर पॅनेल किंवा बॅटरीची डीसी वीज एसी करणाऱ्या इन्व्हर्टरला फिरता गोळाही नाही आणि वाफेचा व्हॉल्व्हही नाही. तरीही 1993 मध्ये समांतर इन्व्हर्टरांसाठी सुचवलेल्या पद्धतीत तीच झुकती रेषा सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेली होती: पॉवर वाढली की फ्रिक्वेन्सी थोडी खाली आणायची. आजचे ग्रिड-फॉर्मिंग, म्हणजे ग्रिडची फ्रिक्वेन्सी स्वतः उभी करणारे, इन्व्हर्टर बऱ्याच अंशी त्याच रेषेवर चालतात, आणि बॅटरी अर्धी भरलेली असेल तर त्यांच्याकडे दोन्ही बाजूंना जायला जागाही असते.